टोप आधी आतून बघा

गेल्या अंकात युद्धपदकांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीचशी लोखंडी टोपांबद्दलची निघाली, म्हणून या महिन्याचं सदर हेल्मेटचं. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये झाली. सपाट पत्र्याची खोल वाटी दाबताना पत्रा कुठे ताणतो, कुठे सुरकुततो, कडेला कुठे चिरतो, हे रोजचं बघणं होतं. पुढे जुनी हेल्मेटं जमवायला लागलो तेव्हा वाचनाइतकाच हा अनुभव कामी आला. नकली माल करणारा बाहेरच्या बाजूवर मेहनत घेतो, कारण गिऱ्हाईक बाहेरूनच बघतं. आतल्या बाजूला तो घाई करतो. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी टोप उलटा करायला सांगितलं आहे, ते त्यासाठी.

प्रश्न : काका, नमस्कार. चोरबाजारात एका दुकानात जर्मन हेल्मेट बघितलं. उजव्या बाजूला एसएसची (हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची) विजेसारखी दोन अक्षरं आहेत आणि डाव्या बाजूला काळा-पांढरा-लाल तिरंगी बिल्ला. कडा आत वळवलेली नाही, पत्रा नुसता बाहेर पसरला आहे. चांगलं गंजलेलं आहे, आत चामडंही आहे. दुकानदार म्हणतो एका पारशी बंगल्यातून निघालं. बावीस हजार सांगतोय, अठरापर्यंत येईल. घेऊ का? (डोंबिवली)

घेऊ नका. तुम्ही पत्रात जे तीन तपशील दिलेत ते एकमेकांशी भांडताहेत, आणि फोटो न बघताही ते कळतं.

आधी कडा. जर्मन टोपाचे दुसऱ्या महायुद्धातले तीन मुख्य नमुने आहेत. १९३५च्या नमुन्यात कडा आतल्या बाजूला गोल वळवलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या भोकांत वेगळी बुशिंगं, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, बसवलेल्या असतात. १९४०च्या नमुन्यात कडा तशीच वळवलेली, पण भोकाभोवतीचा उंचवटा त्याच पत्र्यातून दाबून काढलेला. १९४२मध्ये काम आणि वेळ वाचवायला कडा वळवणंच बंद झालं, पत्रा बाहेर पसरून सोडला. तुमचा टोप हा तिसरा नमुना. आता तिरंगी बिल्ला. लढणाऱ्या सैन्याच्या टोपांवरून तो १९४०मध्येच काढून टाकायचा हुकूम निघाला होता. म्हणजे १९४२ किंवा त्यानंतर दाबलेल्या कवचावर १९४०मध्ये बंद झालेला बिल्ला बसला आहे.

तिसरी गोष्ट याहून ठळक. तिरंगी बिल्ला ही सैन्याची खूण, तिची जागा टोपाच्या उजव्या बाजूला आणि गरुड डाव्या बाजूला. एसएसच्या अक्षरांची जागासुद्धा उजवीच, आणि डाव्या बाजूला त्यांचा लाल, स्वस्तिकाचा पक्षबिल्ला. दोन्ही उजव्या बाजूच्या खुणा एकाच टोपावर आल्या आणि त्यातली एक जागा नाही म्हणून डावीकडे गेली. ज्याने हे केलं त्याच्याकडे चित्रांची पट्टी होती, टोपांची माहिती नव्हती.

पण समजा, चित्रं बरोबर जागी असती तर? तेव्हा काय बघायचं, ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या दुकानात तुम्हाला हेच लागणार आहे.

टोप उलटा करा. डाव्या बाजूला, कानाजवळ, आतल्या पत्र्यावर कारखान्याची अक्षरं आणि आकडा ठोकलेला असतो. ईटी म्हणजे थालेचा कारखाना, क्यू म्हणजे एसलिंगेनचा क्विस्ट, एनएस श्वेर्टेचा, ईएफ फुल्डाचा, एसई लाउटरचा. युद्धाच्या उत्तरार्धात थालेने सीकेएल आणि लाउटरने एचकेपी अशी सांकेतिक अक्षरं वापरली. त्यापुढचा आकडा कवचाच्या मापाचा, ६० ते ७० मधला, सम. मागच्या बाजूला आत लॉटचा, म्हणजे उत्पादनाच्या तुकडीचा, आकडा असतो. आता चामड्याच्या लायनरचं, म्हणजे आतल्या अस्तराचं, माप बघा. ६४च्या कवचात ५६ किंवा ५७चं लायनर बसतं, ६६च्यात ५८-५९चं. ६८च्या कवचात ५७चं लायनर कोंबलेलं दिसलं, की त्या दोन वस्तू आयुष्यात कधीतरी नंतर भेटल्या आहेत.

लायनर तीन दुमडत्या पिनांनी धरलेलं असतं. या पिना मला फार आवडतात, कारण त्या खोटं बोलत नाहीत. पिनेचं डोकं बाहेर असतं आणि दोन पाय आत उघडून दाबलेले. ऐंशी वर्षं ती पिन तिथे बसली असेल तर पायांखालच्या पट्टीवर तिची सावली उमटते, गंजाचा रंग पिनेवरून शेजारच्या धातूवर पसरतो, आणि पाय कधी हललेच नसतील तर त्यांच्या वाकावर नव्या ओरखड्याची चमक नसते. पक्कडीचे दात उमटलेले दिसले, तर लायनर अलीकडे उघडलं आहे. मग दुकानदाराला कारण विचारा. कधीकधी उत्तर खरं असतं, एखाद्या संग्राहकाने तुटका पट्टा बदललेला असतो. पण ते त्याने आपणहून सांगितलेलं असावं.

मग रंग आणि चित्र. जुन्या वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे थर एकावर एक चढत जातात, तसं टोपाचं आहे : खाली पोलाद, त्यावर रंग, रंगावर चित्र, त्यावर वापराचे ओरखडे आणि शेवटी गंज. हा क्रम मोडला की संशय घ्या. दहा पट मोठं दाखवणारं भिंग न्या. ओरखडा रंगातून येतो आणि चित्राच्या कडेला पोचून थांबतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो, असं दिसलं तर चित्र ओरखड्यानंतर चिकटवलं आहे. गंजाच्या खड्ड्यात रंग उतरलेला असेल तर रंग गंजानंतरचा. चित्रात बारीक रंगीत ठिपके दिसले तर ते आजच्या छपाईचं किंवा प्रिंटरचं. खरं चित्र पातळ असतं, रंगाच्या खरबरीत पोताला धरून बसतं, आणि त्याची रुपेरी झाक वरच्या लाखेमुळे पिवळसर होत जाते.

गंज. अॅसिड मारून किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि भुसभुशीत असतो. बोट फिरवलं की बोटाला लागतो. ऐंशी वर्षांचा गंज गडद तपकिरी, घट्ट, आणि जिथे त्याला कारण आहे तिथे जास्त असतो : कडेला, रिव्हेटांभोवती, घामाच्या जागी, टोप जमिनीवर ठेवला की टेकतो तिथे.

आणखी एक युक्ती ओळखा. स्पेनच्या सैन्याने युद्धानंतरही बराच काळ जर्मन घडणीसारखाच टोप वापरला, आणि तो स्वस्तात मिळतो. त्याच्या कपाळावर बिल्ला अडकवायला एक लहान पट्टी असायची. ती घासून काढतात, लांबी (पुट्टी) भरतात, वर रंग आणि चित्र. म्हणून कपाळाच्या जागी आतून बोट फिरवा आणि बाहेरून टॉर्च आडवा धरून बघा. लांबी भरलेल्या जागी प्रकाश वेगळा सरकतो. हंगेरीच्या टोपाला मागच्या बाजूला रिव्हेट केलेलं एक चौकोनी कडं असतं. ते काढलं की भोकं राहतात, तीही बुजवलेली सापडतात.

पारशी बंगल्याबद्दल : कथेबरोबर फोटो, पत्र किंवा सैन्यातून सुटल्याचा कागद असेल तर ती कथा ऐका. नसेल तर टोपाची किंमत टोपापुरती करा. आतले फोटो काढायला दुकानदाराने नकार दिला तर नमस्कार करून बाहेर पडा.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत, एसलिंगेनला राहते. इथल्या जुन्या बाजारात एका आजोबांकडे हेल्मेट आहे, आत क्यू ६४ असा ठसा. चित्राची जागा त्यांनी कागदी टेपने झाकली आहे. ते काहीतरी लपवताहेत का? आणि हे पुण्याला वडिलांसाठी आणता येईल का?

टेपमागे लबाडी असेलच असं नाही. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमाप्रमाणे नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवायला बंदी आहे. शिक्षण, संशोधन, इतिहासाच्या कामाला सवलत आहे, पण बाजारात विक्रेते चिन्ह झाकूनच ठेवतात. खाली काय आहे ते त्यांना आडोशाला दाखवायला सांगा, ते दाखवतील. न बघता मात्र घेऊ नका, आणि टेप उचलताना चित्र निघून येऊ नये, म्हणून तेही त्यांनाच करू द्या.

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. क्यू म्हणजे क्विस्ट आणि क्विस्टचा कारखाना तुमच्याच गावात होता. तो टोप जिथे दाबला गेला त्या गावात तो तुम्हाला दिसला आहे. क्विस्टचं काम चांगलं असतं, पण हा ठसा नकली मालावरही फार मारतात. ठशाच्या अक्षरांकडे बघा. खरा ठसा रंग लागण्याआधी पोलादात ठोकलेला, म्हणून रंग अक्षरांच्या खाचेत उतरलेला असतो. खाचेत चमकता पत्रा दिसला किंवा अक्षराच्या कडेचा रंग फुटलेला दिसला, तर ठसा नंतरचा. ६४च्या कवचात लायनर ५६-५७चं आहे का, तेही बघा.

आणण्याबद्दल : कस्टममध्ये खरेदीची पावती आणि वस्तूचं साधं, खरं वर्णन ठेवा. हातातल्या सामानात नेऊ नका, सामान तपासणीत उगाच वेळ जाईल. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२चा कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागतो, दुसऱ्या महायुद्धातला टोप त्यात येत नाही. पण पहिल्या महायुद्धातले टोप आता शंभरी ओलांडून गेले आहेत. घरात तसा एखादा असेल तर तो परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व विभागाला विचारा.

प्रश्न : आमच्या आजेसासऱ्यांनी इटलीच्या लढाईतून आणलेला ताटलीसारखा लोखंडी टोप माळ्यावर आहे. जुन्या वस्तू घेणारा एक जण म्हणाला, 'हा इंग्रजी आहे, याला काही किंमत नाही. जर्मन रंग देऊन देतो, मग विकला जाईल.' घरातली मुलं तयार आहेत. मला ते पटत नाही. (पाटण तालुका)

वहिनी, तुम्हाला पटत नाही ते अगदी बरोबर आहे. त्या माणसाला टोपाला हात लावू देऊ नका, आणि हे पत्र मुलांना वाचून दाखवा.

हा बहुधा ब्रिटिश मार्क २ आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने घातलेला. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढल्या. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. तुमच्या माळ्यावरचा टोप त्या मोहिमेतून आलेला असू शकतो. बाजारात जर्मन रंग दिलेले टोप ढिगाने आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून निघालेला, कोणाचा ते ठाऊक असलेला, हात न लागलेला टोप मात्र क्वचित दिसतो. माझ्या संग्रहात जर्मन टोप आहेत, तरी या दोन्हींत निवड करायला सांगितली तर मी तुमचा घेईन.

आता तो तपासायचा कसा. कडेखाली, हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्याजवळ, कारखान्याची आद्याक्षरं आणि सालाचा ठसा असतो. बीएमबी म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, जेएसएस म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स, एचबीएच म्हणजे हॅरिसन ब्रदर्स अँड हॉवसन. टीएसपीएस असेल आणि मागच्या कडेला तीन भोकं असतील तर टोप दक्षिण आफ्रिकेत झालेला आहे. भारतीय फौजांबरोबरच दक्षिण आफ्रिकेच्या फौजाही उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत होत्या, त्यामुळे तसा निघाला तरी दचकू नका. लायनर डोक्याच्या मधोमध एका स्क्रूने धरलेलं असतं. तो स्क्रू फिरवायचा प्रयत्न करू नका. आतल्या बाजूला, पट्ट्यावर, लायनरच्या कापडावर नंबर, नाव, कंपनीचं अक्षर शाईने किंवा रंगाने लिहिलेलं असतं का, ते दिवसाच्या उजेडात नीट बघा. तो नंबर मिळाला तर बाकी सगळं मिळू शकतं.

घरातलं एक चुंबक घ्या आणि टोपाच्या घुमटाला लावा, कडेला नको. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२मध्ये बनवलेल्या पोलादात साधारण बारा टक्के मँगनीज असतं, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रोडीच्या, अशाच ताटलीसारख्या, टोपापासून आघाडीवरचे ब्रिटिश टोप याच पोलादाचे होते. चुंबक घसरून पडलं तर फार चांगली खूण. चिकटलं म्हणून टोप खोटा ठरत नाही, नागरी संरक्षणासाठी साध्या पोलादाचेही टोप निघाले होते. पण आजचा नकली माल जवळजवळ सगळा साध्या पत्र्याचा असतो, म्हणून ही परीक्षा ब्रिटिश टोपासाठी फार मोलाची. जर्मन टोपावर ती करू नका, तिथे खऱ्यालाही चुंबक चिकटतं.

धुऊ नका, घासू नका, तेल लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल साचते. आणि आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. आजेसासऱ्यांचं पूर्ण नाव, पलटणीचा क्रमांक, कुठल्या साली गेले, कुठल्या साली परतले, कोण बरोबर होतं, हे विचारून वहीत लिहा. पदकं असतील तर त्यांच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असू शकतो, तो उतरवून घ्या. मग बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. त्यांच्याकडे संग्रहालय आहे. टोप त्यांना द्या असं मी म्हणत नाही, तो तुमच्या घरातच शोभतो. पण नोंद व्हायला हवी. असे टोप आपल्याकडे भंगारात जाताहेत आणि त्याच गावातली तरुण मुलं ऑनलाइन जर्मन म्हणून मिळणारा रंगवलेला पत्रा हजारो रुपयांना घेताहेत, याचा मला मनापासून त्रास होतो.

प्रश्न : अमेरिकन एम १ हेल्मेट मिळतंय, 'डी-डेला वापरलेलं' म्हणून. वर जाळी आहे, मागे उभी पांढरी पट्टी आहे. कडेचा सांधा मागच्या बाजूला आहे. (पुणे)

उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. टोपाच्या कडेला स्टीलची पट्टी गुंडाळलेली असते, तिची दोन टोकं जिथे मिळतात तो सांधा १९४४च्या अखेरीपर्यंत पुढे, कपाळाच्या बाजूला असायचा. मागे नेला तो त्यानंतर. डी-डे म्हणजे मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस, ६ जून १९४४. मागे सांधा असलेला टोप त्या किनाऱ्यावर असू शकत नाही.

टोप म्हणून तो खरा असेलही. युद्ध संपेपर्यंत एम १चं उत्पादन दोन कोटींच्या वर गेलं होतं, आणि ते पुढे कितीतरी वर्षं पुन्हा रंगवून वापरले गेले. आत पुढच्या बाजूला आकडा-अक्षराचा ठसा बघा. वर एस असेल तर श्ल्यूटर कारखान्याचा, नसेल तर बहुधा मॅककॉर्डचा. पट्टा कड्याला शिवलेला असेल तर जुना, धातूच्या क्लिपने अडकवलेला असेल तर युद्धानंतरचा. रंगात मूळ टोपाला बारीक कुटलेल्या बुचाची भुकटी मिसळलेली असे, पुढे वाळू आली. याच आकाराचे टोप नंतर बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीतही झाले. उभी पांढरी पट्टी अधिकाऱ्याची खूण, आणि ती रंगवायला पाच मिनिटं लागतात. युद्धानंतरचा एम १ म्हणून जी किंमत होते ती द्या. डी-डेसाठी एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : कोल्हापुरात एकाकडे टोकदार भाला असलेलं, कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातलं चामडी हेल्मेट आहे. पुढे पितळी गरुड. पितळ झळझळीत आहे. खरं असेल?

भाल्याचा हा टोप जर्मनीतल्या प्रशियाच्या राज्याने १८४२मध्ये आणला, आणि पहिल्या महायुद्धात १९१६पासून आघाडीवर त्याची जागा पोलादी टोपाने घेतली. खरे टोप अजून मिळतात, पण आपल्या देशात जे दिसतात त्यांतले बहुतेक इथेच झालेले असतात. मुरादाबादला पितळेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, रुडकीला जहाजांच्या आणि सर्वेक्षणाच्या उपकरणांच्या प्रतिकृती होतात, आणि तसल्या कारखान्यांतून शोभेचे टोपही जगभर जातात. कारागीर ते प्रतिकृती म्हणूनच विकतो आणि त्याच्या कामात खोट नसते. मधल्या वाटेत कोणीतरी लेबल फाडतं आणि किंमत दहापट होते.

सैनिकाच्या खऱ्या टोपात गरुडाच्या मागे डाखलेल्या कड्या असतात, त्या चामड्यातून आत येतात आणि आतून चामड्याच्या छोट्या पाचरींनी अडकवलेल्या असतात. आजच्या मालात नट-बोल्ट सापडतो. मानेकडच्या भागात आत रेजिमेंटचा आणि सालाचा शाईचा शिक्का शोधा. शंभर वर्षांचं चामडं आकसतं, लाखेला बारीक जाळीदार तडे जातात, शिवण दोऱ्याच्या भोकाजवळ फाटायला लागते. सगळं धडधाकट असेल आणि आतून नव्या चपलांच्या दुकानाचा वास येत असेल, तर शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवा.

प्रश्न : अतिनील टॉर्चने नकली पट्टा ओळखता येतो असं ऐकलं. खरं का? (नागपूर)

बऱ्याच अंशी. युद्धानंतर कापडात, दोऱ्यात, कागदात आणि साबणाच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली. ती अतिनील प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. अंधाऱ्या खोलीत पट्टा, शिवणीचा दोरा आणि आतलं कागदी लेबल तिन्ही बघा. दोरा चमकतो आणि पट्टा चमकत नाही, असंही होतं; मग पट्टा जुना, शिवण नवी. एक सावधगिरी : खरा पट्टा कोणीतरी आजच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो. म्हणून चमक ही शंका, निकाल नव्हे. शिवणीच्या टोकाचा एक सुटा धागा मिळाला तर तो पेटवून बघता येतो, सुती धागा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून गोळी होते. पण हे मालकाला विचारूनच, आणि त्याच्या समोर.

प्रश्न : मणिपूरला फिरायला गेलो होतो. एक जण जपानी हेल्मेट विकत होता, गोळीचं भोक पडलेलं. घेतलं नाही, पण मन तिथेच आहे. पुन्हा जाणार आहे. (सांगली)

१९४४मध्ये इंफाळ आणि कोहिमाच्या परिसरात फार भीषण लढाई झाली. सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. त्या डोंगरांत अजूनही वस्तू निघतात, म्हणून खरा टोप मिळणं शक्य आहे. पण भोकाला जास्त पैसे मागितले जातात आणि म्हणूनच भोकं पाडलीही जातात. भोकाच्या आतल्या कडेचा गंज आणि शेजारच्या पत्र्याचा गंज एकाच वयाचा दिसला पाहिजे. ड्रिलचं भोक गोल आणि स्वच्छ असतं. गोळीने पत्रा आत ढकलला जातो, भोकाभोवती खळगा पडतो, मागून कडा फाटते. तडे आणि पाकळ्या सारख्या अंतरावर असतील तर ते पंचाचं काम.

तरीही मी तुम्हाला तो घ्या असं म्हणणार नाही. त्या भोकाखाली एक माणूस होता, त्याचे अवशेष कदाचित अजून त्याच उतारावर असतील, आणि टोप उचलून विकला की तो कुठे पडला याची शेवटची खूण जाते. स्वतः खणायला तर मुळीच जाऊ नका, न फुटलेले गोळे तिथे आजही सापडतात. इंफाळजवळ लाल टेकडीच्या पायथ्याशी २०१९मध्ये शांतता संग्रहालय सुरू झालं आहे. ते बघा, तिथे खरे टोप काचेपलीकडे नीट बघता येतील. डोळा तयार व्हायला त्याहून चांगली जागा आपल्या देशात थोड्या असतील.

प्रश्न : सुरुवात करायची आहे, खर्च फार करू शकत नाही. पहिलं हेल्मेट कुठलं घ्यावं? (नाशिक)

ब्रिटिश मार्क २, पट्टा तुटका असला तरी चालेल, ठसा आणि साल वाचता येत असावं. चुंबक, भिंग आणि टॉर्च एवढं खिशात असू द्या. पहिले काही महिने काहीही न घेता फक्त उलटे करून बघा. आणि माझ्याकडे मत मागायला फोटो पाठवाल तेव्हा बाहेरचा एक पुरे. आतले चार पाठवा : दोन्ही बाजूंच्या कडेखालचे ठसे, लायनर जिथे धरलं आहे ती जागा, पट्ट्याचं कडं आणि मागची आतली बाजू. फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात.